एका चुलीवरची माणसं

मस्कत, ३ फेब्रुवारी १९८२

शिकामू, झुवेनाताई,

आधी पायांना हात लावते, मग बोलते. नाहीतर म्हणशील, मस्कतला जाऊन पोर रीत विसरली.

बातमी अशी की अल खुवैरची जमीन अखेर मोकळी झाली. बाबा जाऊन सात वर्षं झाली, तेवढी वर्षं कागद या खात्यातून त्या खात्यात फिरत होते. काकांनी आपला हक्क सोडला. म्हणाले, "त्या ओसाडीत कोण राहणार? कोल्हे?" आता तिथे डांबरी रस्ता येतोय आणि काका माझ्याशी जरा कमी बोलतात. जमीन तुझ्या नि माझ्या नावावर आहे, अर्धी अर्धी. समुद्र दिसत नाही, पण संध्याकाळी वारा येतो.

तिथे मी घर बांधणार आहे. आणि तू आणि तुझी आई, माझी थोरली आई, तिथे येऊन राहणार आहात. हे विचारत नाहीये, सांगतेय.

माझं काम काय, हे तुला तीनदा लिहून झालं आणि तिन्ही वेळा तू विचारलंस, "म्हणजे तू घरं बांधतेस का गं?" नाही, ताई. घरं गवंडी बांधतात. घरासाठी सरकारनं कर्ज कुणाला द्यावं, किती द्यावं, किती वर्षांत फेडून घ्यावं, याचा अभ्यास करून मी टिपणं लिहिते. वरचे लोक ती वाचतात. किंवा वाचत नाहीत. कैरोला चार वर्षं अर्थशास्त्र शिकले ते यासाठी. दिवसभर लोकांच्या घरांचा विचार करायचा आणि संध्याकाळी रुवीच्या भाड्याच्या जागेत येऊन एकटीनं चहा करायचा.

मला जन्म देणारी धाकटी आई वारल्यापासून या घरात माझ्याशिवाय कुणाचा आवाज नाही. लग्न मोडल्याचं मला तेवढं वाईट वाटलं नव्हतं, खरं सांगते. तो माणूस मुळी बोलायचाच नाही. पण धाकटी आई सकाळी उठल्यापासून बोलायची, आपल्या झांजीबारच्या भाषेत, अगदी भांड्यांशीसुद्धा. आता ऑफिसात अरबी, बाजारात अरबी, आणि आपली भाषा मी फक्त तुझ्या पत्रात बोलते.

तेरा वर्षांची होते मी, चौसष्टच्या क्रांतीत बाबा आणि धाकट्या आईबरोबर बोटीवर चढले तेव्हा. तुम्ही मागच्या बोटीनं येणार होतात. अठरा वर्षं झाली. आता तर तिथून बाहेर पडायला परवानगीही मिळते म्हणतात. लवकर लिही.

तुझी रय्या

झांजीबार, १९ एप्रिल १९८२

मरहबा, रय्या. जगत राहा.

तुझं पत्र अडीच महिन्यांनी आलं. वाटेत मोंबासाला त्यानं लग्नबिग्न केलं असावं.

आईला मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा ऐकताना तिनं डोळे मिटले, मला वाटलं झोपली. तर म्हणते, "कोल्हे म्हणाला का तो? लहानपणापासून तसाच आहे, दुसऱ्याच्या ताटातलं पाहिलं की भूक लागते." मग म्हणाली, "त्या पोरीला सांग, येते मी. पण माझी खाट येणार, माझी कोंबडी येणार आणि तिथलं पाणी खारट असलं तर मी त्याच दिवशी परत येणार."

हे झालं बोलणं. आता खरं सांगते. आम्हाला न्गाम्बोमध्ये सरकारी इमारतीत जागा मिळाली आहे, हे तुला माहीत आहे. चौथा मजला. नळ आहे, पाणी कधी येतं, कधी नाही. वारा छान आहे. पण आईचे गुडघे गेलेत, आणि वर चढल्यापासून ती एकदाच खाली उतरली आहे, मावशीच्या मयताला. खिडकीत बसून खालच्यांशी ओरडून बोलते. परवा म्हणाली, "हे घर ज्यानं काढलं त्याला आई नसणार. आई असती तर चौथ्या मजल्यावर काढलंच नसतं." तुझ्या खात्यात लिहून ठेव, उपयोगी पडेल.

जिना उतरवत नाही तिथे विमान कुठलं, रय्या? आणि ती आहे तोवर माझं पाऊल इथून निघत नाही. माझं सुईणीचं काम चालूच आहे. इस्पितळातलं आणि इस्पितळाबाहेरचंही. या महिन्यात अकरा मुलं झाली, त्यातली दोन जुळी. एका बापानं पोरीचं नाव माझं ठेवलं. मी म्हटलं, नको रे, तोंडाळ निघेल.

घर बांध. चांगलं बांध. एकटी चहा पिऊ नकोस, शेजारीण बोलाव.

तुझी झुवेना

मस्कत, ३० मे १९८२

शिकामू, ताई,

थोरल्या आईचं वाक्य मी खरोखर ऑफिसात सांगितलं. आमच्याकडे इजिप्तचे एक सल्लागार आहेत, उस्ताद फिक्री. पोट मोठं, मन मोठं. ते एवढे हसले की चहा टायवर सांडला. म्हणाले, "ही बाई आपल्या खात्यात हवी होती. माझं अर्धं काम वाचलं असतं."

पण गंमत पुरे. अडचण ऐक. कर्जाच्या नियमात 'कुटुंब' म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची मुलं. कुटुंब नसेल तर कर्ज नाही. म्हणजे माझ्यासारखी, सुटी बाई, अर्जच करू शकत नाही. मी दोन वर्षं या नियमाचे आकडे जुळवत आले आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही की त्यात मीच बसत नाही. जमीन हातात आल्यावर कळलं.

मग मी नाकारलेले अर्ज ठेवतात ते कपाट उघडायला लावलं. ताई, काय माणसं होती त्यात! सूर बंदरातल्या दोन जावा, दोघींचे नवरे एकाच होडीबरोबर गेले. मासळी सुकवून विकतात, एकत्र राहतात, पाच मुलं. 'कुटुंब नाही' म्हणून शेरा. एक आजी, नातवंडांना वाढवणारी. 'कुटुंब नाही.' निझवाचा एक म्हातारा, आंधळ्या बहिणीला सांभाळतो. 'कुटुंब नाही.'

तर मी टिपण लिहायला घेतलंय. माझं म्हणणं साधं आहे: एका चुलीवर जेवणारे ते कुटुंब. उस्ताद फिक्री म्हणाले, "बेटी, चूल मोजायला कारकून पाठवायचा का? तो प्रत्येक घरी जेवेल, सहा महिन्यांत माझ्याएवढा होईल." पण त्यांनी टिपण परत दिलं नाही, खिशात ठेवलं.

नियम बदलला तर आपण तिघी एक कुटुंब होऊ. कर्जाची रक्कम माणसांवर ठरते, तीन माणसांचं घर चांगलं मोठं होतं. नकाशा काढतेय. थोरल्या आईची खोली तळमजल्यावर, एक पायरीसुद्धा नाही. तिला विचार, खिडकी कुठल्या बाजूला हवी? रस्त्याकडे केली तर बोलायला माणसं मिळतील. मागे केली तर वारा.

विमानाच्या जिन्याची काळजी करू नकोस. चाकाच्या खुर्चीतून उचलून नेतात, मी पाहिलंय.

तुझी रय्या

झांजीबार, १४ सप्टेंबर १९८२

मरहबा, रय्या.

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. रमजानात आणि नंतर लिहायला झालं नाही. माफ कर.

आई बरी आहे. तिला आता काही त्रास नाही. खिडकी तुला योग्य वाटेल त्या बाजूला कर, तिला चालेल.

सूरच्या त्या जावांचं ऐकून वाईट वाटलं. त्यांचं काम कर. तू हुशार आहेस, करशील.

इथे पाऊस लांबला आहे. लवंग वाळत नाही म्हणून पेंबाकडचे लोक रडतात. माझी तब्येत ठीक.

झुवेना

मस्कत, २ नोव्हेंबर १९८२

ताई, शिकामू, शिकामू, शिकामू!

"तिला चालेल." मी हे वाक्य वाचलं आणि ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. गुडघ्यांचा त्रास थांबला म्हणतेस, अल्लाची कृपा. आता कसली अडचण? खिडकी रस्त्याकडेच करते. तिला गप्पांशिवाय करमायचं नाही.

इथे लढाई जुंपली आहे. समितीसमोर टिपण गेलं. आमचे संचालक हिलालसाहेब, सभ्य गृहस्थ, आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. सगळं वाचून झाल्यावर म्हणाले, "रय्या, हा नियम तू देशासाठी लिहिते आहेस की स्वतःसाठी?"

मी म्हटलं, "साहेब, मी नियमाच्या बाहेर नसते तर मला नियमाचं भोक दिसलंच नसतं. माझा अर्ज पहिला असेल. तिघींचा. उघड लिहिते, तपासून घ्या."

उस्ताद फिक्री पुटपुटले, "सुभानल्ला, या खात्यात कुणीतरी उघड लिहिलं."

हिलालसाहेब हसले नाहीत. पण म्हणाले, "ठीक. तुझा अर्ज नमुना म्हणून जोड. मंत्र्यांसमोर खऱ्या माणसांचं उदाहरण हवंच असतं." म्हणजे आता आपण तिघी नमुना आहोत, ताई! रय्या बिन्त सुलैमान, तिची बहीण झुवेना, सावत्र आई मोझा. 'सावत्र' लिहिताना हात अडला. अरबीत तसंच लिहावं लागतं. थोरल्या आईला सांगू नकोस.

तुमच्या प्रवासाचे कागद सोबत पाठवतेय. दोघींचे फोटो लागतील. तिला म्हणावं, फोटोत हसायचं नाही, नियम आहे. बघूया जमतं का.

बाजारात परवा नारळाचं दूध घालून केलेली मासळी खाल्ली, आपल्याच एका बाईनं लावलेल्या गाडीवर. पहिल्या घासाला तुझा हात आठवला. तू मला भरवताना काटा काढायचीस आणि तो माझ्या केसांत खोचायचीस, वेडे. एवढी आठवण येणं बरं नव्हे.

तुझी, तुझीच,
रय्या

झांजीबार, १० जानेवारी १९८३

मरहबा, रय्या.

कागद मिळाले. नीट जपून ठेवलेत.

सध्या निघणं होणार नाही. इस्पितळात आम्ही दोघीच सुइणी उरलोय, एक दारेसलामला गेली. फेब्रुवारीत बरीच बाळंतपणं आहेत. आई म्हणते, मुलीनं घाई करू नये, आधी आपलं घर नीट बांधावं, आम्ही कुठे जातोय. तुझी आठवण काढते आणि तुला आशीर्वाद देते.

नमुन्यात आमचं नाव घालायची गरज नव्हती. काढता आलं तर काढ.

जपून राहा. रात्री जागू नकोस.

झुवेना

मस्कत, ६ मार्च १९८३

ताई,

काल मत्र्याच्या बाजारात हलवा घ्यायला गेले होते. दुकानात एक बाई उभी होती, तिच्या अंगावर आपल्याकडचा छापील कांगा गुंडाळलेला पाहिला आणि मी सरळ जाऊन विचारलं, "कधी आलात?" आपल्या किपोंडा मोहल्ल्यातल्या निघाल्या. बी अस्या. मुलाकडे आल्यात, पंधरा दिवसांपूर्वी. मी म्हटलं, मी सुलैमानची मुलगी, झुवेनाची बहीण. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "अगं बाई गं. तुझ्या थोरल्या आईवर अल्लाची दया असो. काय मरण आलं, रमजानाच्या शेवटच्या दहा दिवसांत. असं भाग्य कुणाला मिळतं?"

मी म्हटलं, कुठला रमजान?

त्यांना वाटलं मी वेडी आहे. हलवेवाला दोघींकडे बघत राहिला.

आठ महिने. आठ महिने, ताई. मी इथे एका मेलेल्या बाईसाठी खिडकी रस्त्याकडे करून घेतली. चौकट बसलीसुद्धा. तू लिहिलंस, "तिला आता काही त्रास नाही." हे कसं लिहवलं तुला? आणि ती जानेवारीतली आशीर्वाद देणारी आई! तेव्हाच कळायला हवं होतं मला. थोरली आई उभ्या जन्मात इतकं गोड बोलली नव्हती.

आज सकाळी मी हिलालसाहेबांकडे गेले आणि सांगितलं की नमुन्यातली एक व्यक्ती हयात नाही आणि दुसरी येणार की नाही ते मला माहीत नाही. माझा अर्ज मी काढून घेतला. त्यांनी विचारलं, "कधी कळलं?" मी म्हटलं, "काल. हलव्याच्या दुकानात." ते उठले आणि दार स्वतः लावून घेतलं, मला बाहेरच्यांसमोर रडावं लागू नये म्हणून. पण टिपण आता अडकलं. समितीतला एकजण म्हणाला म्हणे, "बघा, एका चुलीचं कुटुंब! चूलही नाही आणि माणसंही नाहीत." सूरच्या बायकांच्या तोंडाशी आलेला घास तुझ्या खोट्यानं माघारी गेला.

मी तिच्यासाठी दुवा मागितली नाही, आठ महिने. तो हक्क तरी माझा होता की नाही? की सावत्र शब्द तूही मनात धरून होतीस?

रय्या

झांजीबार, २८ एप्रिल १९८३

रय्या, माझ्या लेकरा,

तू शिकामू लिहिलं नाहीस, तरी मी मरहबा म्हणते. उत्तर द्यायची पाळी माझी होती.

ऐक, कसं झालं ते. रमजानात ती उपास सोडताना खजूर हातात धरून बसली होती. म्हणाली, "आज खालची पोरं गप्प का?" मी खिडकीतून बघायला गेले. पोरं होती, आरडाओरडाही होता. तिलाच ऐकू येत नव्हतं. मी वळले तोवर खजूर हातात तसाच.

मग तिला खाली न्यायचं होतं. जनाजा जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकला. कसाही फिरवला तरी अडकला. सहाजण होते, मी ज्यांना या जगात आणलं त्यातलेच तिघं. शेवटी युसूफ नावाच्या पोरानं सांगितलं, "बी झुवेना, आम्ही तिला हातांवर घेतो." पोरांनी तिला झोपलेल्या मुलासारखं हातांवर खाली नेलं, चार मजले, आणि खाली आल्यावर जनाज्यात ठेवलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. बायका उभ्या होत्या. कुणीतरी वरून ओरडलं, "बी मोझा, आज तरी उतरलात!" आणि सगळे रडता रडता हसले. तिला आवडलं असतं.

त्या संध्याकाळी तुला लिहायला बसले. 'आई गेली' एवढं लिहिलं आणि पुढे काय येणार ते मला दिसलं. तू तिकीट पाठवणार. मी स्वतःच लिहून दिलं होतं ना, ती आहे तोवर पाऊल निघत नाही? ती गेली म्हणजे माझं कारण गेलं. आणि दुसरं कारण तुला पटेल असं माझ्याकडे नव्हतं. म्हणून तिला आणखी थोडे दिवस जिवंत ठेवली. मेलेल्या आईच्या पदराआड लपले मी, बत्तीस वेळा विचार करून. पाप आहे. माफ कर किंवा करू नकोस.

आता खरं कारण लिहिते. मला यायचं नाही, रय्या.

तुम्ही गेलात तेव्हा मी एकोणीस वर्षांची. मागची बोट आली नाही, आणि नंतर येण्याजोगे दिवसही राहिले नाहीत. अरबांना शोधून मारत होते त्या महिन्यांत आईच्या माहेरच्यांनी आम्हाला लपवलं, एका घरातून दुसऱ्या घरात. कुणाच्या घरात भात नव्हता तरी आम्हाला पुरवला. मी सुईण झाले ती त्यांचं ऋण म्हणून, आणि आता ते ऋण राहिलं नाही, तेच माझं घर झालं. बाजारात जाते तर दहा पोरं हाक मारतात. तिथे मी कोण असेन? सकाळी तू ऑफिसला जाणार. मी तुझ्या सुंदर घरात बसून तुझी वाट बघणार. तू पाठवलेल्या प्रवासाच्या कागदांवर माझ्यापुढे अरबीत काय लिहिलं होतंस, ते बी अस्याच्या इथल्या मुलानं वाचून सांगितलं: 'आश्रित.' तू प्रेमानं लिहिलंस, मला माहीत आहे. पण वीस वर्षं मी कुणाची आश्रित नाही.

सावत्र नाही म्हणाले मी कधी. आईसुद्धा नाही. तुझं प्रत्येक पत्र आलं की ती म्हणायची, "माझ्या धाकटीचं वाच." मला राग यायचा, मी रोज तिचे गुडघे चोळणारी, आणि धाकटी मस्कतहून नुसतं लिहिणार. हेही आज लिहून टाकते.

तुझी आठवण मला येत नाही असं नको समजूस. मासळी खाताना काटा निघाला की माझा हात अजून शेजारी जातो. शेजारी कुणी नसतं.

सूरच्या बायकांचं काम सोडू नकोस. तुझ्या घरासाठी करत होतीस, आता त्यांच्या घरासाठी कर.

झुवेना

मस्कत, २० सप्टेंबर १९८३

शिकामू, ताई,

तुझं पत्र मिळाल्यावर चार महिने लिहिलं नाही. आधी राग होता. मग लाज वाटली. मग काम होतं.

मे महिन्यात मी उस्ताद फिक्रींबरोबर सूरला गेले. समितीत माणसं नाहीत म्हणाले ना, मग म्हटलं माणसंच दाखवू. त्या दोन जावांच्या झोपडीत बसलो. थोरली भांडत होती, धाकटी हसत होती, पाच मुलांतलं कुठलं कुणाचं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. उस्तादांनी विचारलं, "बाई, तुम्ही वेगळ्या का राहत नाही?" थोरली म्हणाली, "हिला भात शिजवता येत नाही." धाकटी म्हणाली, "आणि हिला एकटीला झोप येत नाही." परत येताना गाडीत उस्ताद म्हणाले, "माझी बहीण अलेक्झांड्रियाला आहे. अकरा वर्षांत मी गेलो नाही. भांडण कशावरून होतं तेही आठवत नाही." आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

आम्ही दोघांनी नवं टिपण लिहिलं. त्यात माझं नाव कुठेच नाही. 'आश्रित' हा शब्दही काढला, 'सोबत राहणारे' लिहिलं. हिलालसाहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "माझ्या बहिणीनं दुरुस्ती सुचवली." म्हणाले, "बहीण कुठल्या खात्यात आहे?" मी म्हटलं, "सुईण आहे." त्यांनी पहिल्यांदा हसून सही केली.

गेल्या आठवड्यात नियम मंजूर झाला. पूर्ण नाही. सोबत राहणारी माणसं देशातच राहत असली पाहिजेत, अशी अट घातली. म्हणजे आपण दोघी तरीही कुटुंब नाही. पण सूरच्या जावा आहेत. निझवाचा म्हातारा आणि त्याची बहीण आहेत. आजीचा अर्ज मी स्वतः कपाटातून काढला.

माझं घर लहान केलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, कर्ज नाही, साठवलेल्यात बसतं तेवढंच. तुझा अर्धा भाग मोकळा ठेवलाय, तुझाच आहे, हक्क सोडलास तर मी काकांना सांगेन.

ताई, मी एवढी वर्षं तुला बोलावत राहिले. तुझ्याकडे यावं असं मला एकदाही सुचलं नाही. तिथे माझं काही उरलं नाही असं बाबा म्हणायचे, आणि मी तेच खरं धरून चालले. डिसेंबरमध्ये मला चाळीस दिवसांची रजा आहे. व्हिसा देतात म्हणे, सरकारी पत्र असेल तर. मला थोरल्या आईच्या कबरीपाशी बसायचं आहे. आणि तू दिवसभर काम करशील तेव्हा तुझ्या चौथ्या मजल्यावर बसून तुझी वाट बघायची आहे. मला चालेल तसं राहणं.

येऊ का?

रय्या

झांजीबार, १ नोव्हेंबर १९८३

मरहबा, मरहबा, मरहबा.

विचारतेस काय, मूर्ख! ये.

इमारतीतल्या सगळ्यांना सांगून झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या बी खादिजानं आत्ताच भांडण काढलंय की पहिलं जेवण तिच्याकडे. युसूफ म्हणतो, पाण्याचे हंडे तो वर आणून देईल, तू असेपर्यंत. त्याला म्हटलं, ती सरकारी अधिकारी आहे, तिलाच आणू दे.

खाट एकच आहे. आईची मी देऊन टाकली. आपण दोघी माझ्या खाटेवर झोपू, पूर्वी झोपायचो तसं, तू भिंतीकडे. आता आपण दोघी जाड झालोय, बघू.

डिसेंबरमध्ये तीन बाळंतपणं आहेत, त्यामुळे रात्री-अपरात्री मी उठून जाईन. घाबरू नकोस. येतेच परत.

विमानतळावर मी दुपारपासून उभी असेन. तुझे फोटो रोज बघते, चष्मा लावलेली, केस कापलेली बाई मला पाठ आहे. पण काल विचार करत बसले होते, तर लक्षात आलं की गर्दीत माझे डोळे तिला शोधणारच नाहीत. ते तेरा वर्षांची, वेणी सुटलेली एक पोर शोधतील आणि तू समोरून निघून जाशील. म्हणून तू हाक मार. अधिकारीण आहेस म्हणून लाजू नकोस. चारचौघांत, मोठ्यानं मार.

तुझी ताई